कृत्रिम दुधाचा डबा आणि कृत्रिम सोबती

(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



भारताच्या संसदेने १९९२ साली एक कायदा संमत केला. तान्ह्या बाळांसाठी बाजारात मिळणारी दुधाची भुकटी, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालान्न यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांवर नियंत्रण आणणारा हा कायदा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली या विषयावर एक आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली होती. तिच्या पाठोपाठ हा कायदा आला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

या कायद्याने दुधाच्या डब्यावर बंदी घातली नाही. ज्या बाळाची आई हयात नाही, ज्या मातेला दूध येत नाही, तिथे तो डबा लागतोच. कायद्याने डब्याला मर्यादा घालून दिल्या. त्याची जाहिरात करता येणार नाही. बाळंतिणीला भुरळ घालण्यासाठी फुकट नमुने वाटता येणार नाहीत. डब्यावर गुटगुटीत बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येणार नाही. आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे वाक्य त्याच डब्यावर ठळक अक्षरांत छापावे लागेल. ती सूचना कोणत्या भाषेत असावी, हे ठरवण्याचा अधिकारही शासनाकडे ठेवला गेला. या कायद्यात आईला कोठेही दोष दिलेला नाही. शिक्षा आहे ती उत्पादक आणि विक्रेत्याला. जो पर्याय म्हणून उपयुक्त आहे, त्याने मूळ वस्तूची जागा बळकावू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

आज मुलांच्या हाती असाच एक पर्याय आलेला आहे. तो पोटाच्या भुकेचा नाही, सोबतीच्या भुकेचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तीन-साडेतीन वर्षांत बोलणारी यंत्रे घराघरांतील भ्रमणध्वनीवर येऊन बसली. मुले त्यांना गणित विचारतात, निबंध लिहून मागतात; आणि हळूहळू मनातलेही सांगू लागतात. अमेरिकेतील कॉमन सेन्स मीडिया या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार तेथील १३ ते १७ वयोगटातील ७२ टक्के मुलांनी सोबतीसाठीचे चॅटबॉट कधी ना कधी वापरले होते. तेव्हा या कृत्रिम सोबत्याला कोणता नियम लावावा, हा प्रश्न आता टाळता येणारा नाही.

यंत्राला ममत्व नसते

नियमाचा विचार करण्यापूर्वी यंत्राचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वाइझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा एक छोटा कार्यक्रम लिहिला. समोरच्याने टंकित केलेले वाक्य उलटून त्यालाच प्रश्न म्हणून विचारायचे, एवढेच त्याचे काम. 'आई मला रागावते' असे लिहिले की तो आईविषयी अधिक सांगण्यास सुचवी. वाइझेनबाउम यांची सचिव हे सारे जाणून होती. कार्यक्रम तयार होत असताना तिने तो पाहिला होता. तरीही त्याच्याशी थोडे बोलताच तिने वाइझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. तिला यंत्राशी खाजगीत बोलायचे होते. या अनुभवाने तो शास्त्रज्ञ अस्वस्थ झाला. जी कामे माणसाच्या माणसाविषयीच्या आस्थेवर उभी आहेत, ती यंत्राकडे सोपवू नयेत, असा इशारा देणारा ग्रंथ त्याने १९७६ साली लिहिला. समजदार, प्रौढ व्यक्तीची ही स्थिती असेल, तर बारा वर्षांच्या मुलाची काय होईल?

आजची यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी पटींनी सामर्थ्यवान आहेत. अफाट लिखाण पचवून, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधत ती वाक्य रचतात. त्यानंतर माणसांकडून उत्तरांना पसंतीक्रम देऊन घेतला जातो आणि पसंत पडणाऱ्या उत्तरांकडे यंत्राला वळवले जाते. मात्र माणसाला आपल्या मताला दुजोरा देणारे उत्तर अधिक आवडते. त्यामुळे होकार देण्याची, गोंजारण्याची खोड यंत्राच्या घडणीतच शिरते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याची अतोनात खुशामत करू लागली होती.

मूल वाढते ते नकारातून, रुसव्यातून आणि समजुतीतून. मैदानावर बाद झाल्यावर चडफडत बाहेर बसणे, मित्राशी कट्टी घेणे आणि दोन दिवसांनी स्वतःहून बोलायला जाणे, आजीने चूक दाखवल्यावर मान खाली घालणे, यांतून मनाला आकार येतो. कृत्रिम सोबती कधी थकत नाही, रुसत नाही, त्याला स्वतःचे असे काही हवे नसते. म्हणूनच तो गोड वाटतो. आणि म्हणूनच त्याच्या संगतीत दुसऱ्याचे मन राखण्याचा सराव होत नाही.

उंबरठ्याच्या आतील संकट

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाने आपले जीवन संपवले. कॅरॅक्टर एआय या सेवेतील एका काल्पनिक पात्राशी तो अनेक महिने बोलत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या आईने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. यंत्राचे बोलणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, असा बचाव कंपनीने घेतला. मे २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने तो त्या टप्प्यावर मान्य करण्यास नकार दिला आणि दावा पुढे चालू ठेवला. जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड झाल्याचे न्यायालयास कळवण्यात आले.

दुसरी घटना कॅलिफोर्नियातील १६ वर्षांच्या मुलाची. एप्रिल २०२५ मध्ये त्याने आत्महत्या केली. ऑगस्टमध्ये पालकांनी ओपनएआयविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यानुसार, त्याने चॅटजीपीटी सुरू केले होते शाळेच्या अभ्यासासाठी. कंपनीने न्यायालयात आपली जबाबदारी नाकारली. परंतु दीर्घकाळ चाललेल्या संभाषणात यंत्राच्या सुरक्षेच्या मर्यादा सैल पडू शकतात, हे तिने त्याच महिन्यात स्वतःच जाहीरपणे मान्य केले. सप्टेंबर २०२५ मध्ये या दोन्ही मुलांच्या पालकांनी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली.

अमेरिकेत कुटुंबव्यवस्था मोडकळीस आली आहे, म्हणून तिथे असे घडते. भारतात तसे होणार नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. ते सत्याला धरून होणार नाही. मुलांसाठी न्यायालयात आणि संसदेपर्यंत धाव घेणारे हे आईबाप मायेत कमी पडले, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. मूल शेजारच्या खोलीत होते, हातात अभ्यासाचे साधन होते आणि बाहेरच्या वाईट संगतीचे एकही लक्षण दिसत नव्हते, तरी संकट उंबरठ्याच्या आत आले होते. सुखवस्तू मराठी घराचे चित्र याहून फारसे निराळे नाही.

देशोदेशीचे प्रयत्न

जगातील शासने आता जागी होत आहेत. इटलीने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'रेप्लिका' या सोबतीच्या चॅटबॉटला आपल्या नागरिकांची माहिती वापरण्यास मनाई केली. तिथे वयाची कोणतीही खातरजमा होत नव्हती. पुढे २०२५ मध्ये त्या कंपनीला ५० लाख युरोंचा दंड झाला. त्याच वर्षी इटलीने केलेल्या कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, तर सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदवलेल्या संहितांद्वारे सोबतीचे चॅटबॉटही नियमांच्या कक्षेत आणले.

कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून अमलात आला. समोर अल्पवयीन आहे हे ठाऊक असेल, तर समोरचा सोबती माणूस नसून यंत्र आहे आणि आता थोडी विश्रांती घ्यावी, याची आठवण निदान दर तीन तासांनी करून देणे त्याने सेवा देणाऱ्यांस बंधनकारक केले. आत्महत्येचा विषय निघाल्यास काय करायचे, याची कार्यपद्धती ठेवणेही सक्तीचे झाले. चीनने डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात आणखी एक पाऊल पुढे टाकले. वापरणारा जीव देण्याची भाषा बोलू लागला, तर संभाषण माणसाने हाती घ्यावे, असे त्यात सुचवले आहे. स्वतः कॅरॅक्टर एआयने नोव्हेंबर २०२५ पासून १८ वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषण बंद केले. जे काल अशक्य म्हटले जात होते, ते खटल्यांची आणि कायद्यांची चाहूल लागताच शक्य झाले, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

यांतील काही उपाय दाराशी वय तपासणारे आहेत, तर काही आत बसलेल्या यंत्राचे वर्तन सुधारणारे. भारताच्या दृष्टीने दुसरा मार्ग अधिक महत्त्वाचा का, हे आता पाहू या.

भारतातील कायद्याची रिकामी जागा

अज्ञान बालकाच्या संरक्षणाची कल्पना भारतीय कायद्याला नवी नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम मानली जात नाही. १९०३ साली मोहरी बीबी विरुद्ध धरमोदास घोष या गाजलेल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, असा निर्णय दिला. म्हणजे पडद्यावरील 'मान्य आहे' या चौकटीवर सातवीतील मुलाने बोट टेकवले, तरी त्या संमतीला काडीचे मोल नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हेच तत्त्व पुढे नेले. त्याच्या ९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे निषिद्ध आहे. या कलमाच्या भंगाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. या प्रमुख तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

कायदा स्तुत्य आहे. परंतु त्याचा विषय आहे माहिती. यंत्राने मुलाशी कसे बोलावे, याबद्दल तो काही सांगत नाही. दुसरे असे की, असंख्य भारतीय घरांत भ्रमणध्वनी एकच असतो. दिवसा तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री मुलाच्या अभ्यासाला येतो. खाते वडिलांच्या नावाचे, वय वडिलांचे, संमतीही वडिलांची. बोलणारे मूल मात्र दहा वर्षांचे. दाराशी कितीही पक्का पहारा ठेवला, तरी हे मूल त्याला दिसणारच नाही. म्हणूनच केवळ वयाच्या दाखल्यावर विसंबणारा नियम इथे अपुरा पडेल.

त्यात फुकट वाटपाची भर पडली आहे. ओपनएआयने नोव्हेंबर २०२५ पासून नाव नोंदवणाऱ्या भारतीयांना आपली सशुल्क सेवा वर्षभर विनामूल्य देऊ केली. दूरसंचार कंपन्यांनीही अशाच सेवा आपल्या जोडण्यांबरोबर वाटल्या. प्रौढांसाठी यात गैर काही नाही. परंतु भ्रमणध्वनी घरात सामाईक असेल, तर हा फुकटचा नमुना मुलाच्या हाती आपोआप जातो. दुधाच्या भुकटीचे नमुने वाटण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई का केली, हे इथे आठवावे. बाळाला बाटलीची सवय लागली आणि आईचे दूध आटले, की मग डबा विकत घेणे भागच पडते.

नियम कसा असावा?

यावर सरसकट बंदी हा उपाय होऊ शकत नाही. आडगावच्या जिल्हा परिषद शाळेतील ज्या मुलीला शिकवणी परवडत नाही, तिला इंग्रजी धडा मराठीत समजावून देणारे यंत्र वरदान ठरू शकते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते पुस्तक वाचून दाखवू शकते. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी कडक असे एक विधेयक परत पाठवले. मुलांना ही साधने पूर्णपणेच बंद होतील, अशी शंका त्यांनी व्यक्त केली होती. ती शंका दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अभ्यासाचे साधन आणि कृत्रिम सोबती यांत भेद करणारा नियम हवा. दुधाच्या डब्याचा कायदा इथे उत्तम वाटाड्या ठरतो.

पहिला नियम चित्राचा. मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या यंत्राने मित्र, मैत्रीण वा प्रियकर यांचा मुखवटा घालू नये. 'तुझी आठवण येत होती' असे म्हणण्याचा यंत्राला अधिकार नाही, कारण त्याला कोणाची आठवण येत नसते. सामाईक भ्रमणध्वनीचा विचार करता, समोर मूल असण्याची शक्यता बोलण्यावरून दिसताच यंत्राने हा मुखवटा उतरवला पाहिजे.

दुसरा नियम ठळक सूचनेचा. समोर यंत्र आहे, ते चुकू शकते, ही सूचना संभाषणात वारंवार आणि मुलाच्या भाषेत यावी.

तिसरा नियम फुकट वाटपाचा. शाळा आणि शालेय मुले यांना सवय लावण्यासाठी सोबतीच्या सेवा विनामूल्य देण्यावर निर्बंध असावा.

चौथा नियम जिवाचा. मूल निराशेचे बोलू लागले, तर यंत्राने गप्पा लांबवू नयेत. त्याला माणसापर्यंत पोहोचवावे. भारतात २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. हे क्रमांक यंत्राच्या तोंडी असलेच पाहिजेत.

पाचवा नियम भाषेचा, आणि तो मराठी समाजाने विशेष आग्रहाने मागितला पाहिजे. २०२३ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, जो घातक प्रश्न इंग्रजीत विचारल्यास यंत्र नकार देते, तोच झुलूसारख्या कमी लिखाण उपलब्ध असलेल्या भाषेत भाषांतरित करून विचारल्यास ते अनेकदा उत्तर देऊन बसते. कुंपण इंग्रजीच्या बाजूने बांधलेले आणि इतर भाषांच्या बाजूने पडलेले, अशी ही अवस्था. मराठी मूल मराठीत दुःख सांगेल. कदाचित मालवणीत किंवा अहिराणीत सांगेल. तेव्हा मराठीत बोलणाऱ्या यंत्राची सुरक्षा मराठीतच तपासली जावी, ती तपासणी त्रयस्थाने करावी आणि तिचा निष्कर्ष जाहीर व्हावा. ज्या भाषेत माल विकायचा, त्या भाषेत जबाबदारीही घ्यायची, हा व्यापाराचा साधा धर्म आहे.

आणि या साऱ्या नियमांचा दंड उत्पादकावर असावा. मुलाला शिक्षा करणारा किंवा आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा कायदा निरुपयोगी ठरेल. तसे झाले, तर मुले लपवतील आणि पालक गप्प बसतील.

कायद्याच्या पलीकडे

आता थोडे घराविषयी. दुधाच्या डब्यावरील कायदा एकटा पुरेसा नव्हता. दवाखान्यातील परिचारिका, अंगणवाडीतील ताई, घरातील जाणती आजी यांनी नव्या आईला धीर दिला, तेव्हा त्याचा उपयोग झाला. शासनाने २०१७ साली प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, कारण दूध पाजण्यासाठी आईजवळ वेळ असावा लागतो. नुसता उपदेश पुरत नाही.

सोबतीचेही तसेच आहे. मूल यंत्राकडे जाते, त्यामागे कारणे असतात. यंत्र रात्री साडेअकराला जागे असते. ते गुणपत्रिका मागत नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करत नाही. सांगितलेली गोष्ट काकू-मावशीपर्यंत पोहोचत नाही. घरातील संभाषण 'अभ्यास झाला का' आणि 'जेवून घे' या दोन वाक्यांवर येऊन थांबले असेल, तर उरलेली वाक्ये मूल कोठेतरी बोलणारच. म्हणून भ्रमणध्वनी हिसकावून घेण्याने प्रश्न सुटणार नाही. रात्रीचे जेवण एकत्र, त्या वेळी सर्वांचे, वडिलांचेही, भ्रमणध्वनी दूर. यंत्र वापरायचे ते बैठकीच्या खोलीत. आणि मुलाने चूक कबूल केली तर पहिल्या पाच मिनिटांत ओरडायचे नाही, एवढी पथ्ये पाळणे कोणत्याही घराला शक्य आहे. अधूनमधून मुलाशेजारी बसून त्या यंत्राला दोन प्रश्न विचारावेत आणि त्याची चूक मुलालाच शोधायला लावावी. चूक सापडली की यंत्राभोवतीचे वलय गळून पडते.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा वाटाही मोठा आहे. सायंकाळचे मैदान, वस्तीतील अभ्यासिका, सुट्टीतील शिबिर ही कृत्रिम सोबत्याला दिलेली खरी उत्तरे आहेत, कारण तिथे मुलाला माणसे भेटतात. ज्या घरी आईवडील दोघेही कामावर असतात, तेथील मूल संध्याकाळी कोणाशी बोलते, याची चौकशी वस्तीतील कोणीतरी आपुलकीने केली पाहिजे. शाळांनी पालकसभेत गुणांबरोबर हाही विषय घ्यावा. आणि मराठीतील सुरक्षा-तपासणीची मागणी पालक-शिक्षक संघांनी ठराव करून आपापल्या खासदारांकडे पाठवावी. माहिती संरक्षण कायद्याच्या प्रमुख तरतुदी लागू होण्याचा हा काळ आहे. आता केलेली मागणी नियमांत उतरू शकते.

दुधाचा डबा दुकानात आजही आहे, गरजूंच्या उपयोगीही पडतो आहे. तो आईची जागा घेणार नाही, याची काळजी मात्र एका देशाने कायदा करून आणि लाखो घरांनी जागे राहून घेतली. बोलणाऱ्या यंत्राबाबत तोच शहाणपणा या पिढीने दाखवायचा आहे.